हात आत का जातो? प्लॅस्टिकच्या मशीनवरची सुरक्षा, शिकणाऱ्यासाठी आणि शिकवणाऱ्यासाठी

इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक मोल्डमध्ये (साच्यात) दाबाने भरून पार्ट काढणाऱ्या मशीनवर, सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता, असं नव्या कामगाराला विचारलं तर तो बहुधा सांगेल, मोल्ड बंद होतो तो. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. ३० सेकंदांची सायकल धरली तर ८ तासांच्या पाळीत मोल्ड ९६० वेळा बंद होतो. गेट लावलेलं असतं, माणूस बाहेर असतो, पार्ट खाली पडत असतात आणि कुणाला ओरखडाही येत नाही. भीती त्या ९६० वेळांची नाही, ९६१व्या वेळेची आहे. इजेक्टरने ढकललं, पण पार्ट सुटला नाही, एका कोपऱ्याला लोंबकळत राहिला. काउंटर थांबला, बॅरलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळकांड्यात, माल तापत पडला, सुपरवायझर दुरून बघतोय. अशा वेळी हात आत जातो. विचार मागून येतो.

म्हणून मशीनची सुरक्षा शिकवायची म्हणजे मशीन कसं चालतं हे शिकवणं कमी आणि ते अडतं, बिघडतं, अर्ध्यावर थांबतं तेव्हा काय करायचं हे शिकवणं जास्त. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं. पहिल्या दिवशी चालू बटण, बंद बटण, पार्ट कसा काढायचा, रनर (पार्टला जोडून येणारी प्लॅस्टिकची दांडी) कसा तोडायचा एवढं दाखवून माणसाला मशीनवर उभं करतात. पार्ट अडकला तर काय, हे तो शेजारच्याकडून शिकतो. शेजारच्याने ते त्याच्या शेजारच्याकडून शिकलेलं असतं.

आत काय चाललेलं असतं

मशीनवर २०० टन लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मोल्डचे दोन भाग तेवढ्या जोराने एकमेकांवर दाबून धरले जातात. एवढा जोर कशाला, तर आत येणारा वितळलेला माल प्रचंड दाबाने येतो आणि तो मोल्ड उघडू पाहतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ ते २.५ बार असतो. इंजेक्शनच्या वेळी बॅरलच्या टोकाशी मालावरचा दाब १००० बार सहज ओलांडतो, काही कामांत २०००च्या आसपास जातो. मालाचं तापमान प्लॅस्टिकप्रमाणे बदलतं. पॉलिप्रॉपिलीन २०० ते २५० अंश सेल्सिअस, पॉलिकार्बोनेट ३००च्या जवळ.

आता वेळेचा हिशेब करू. मोल्ड ४० सेंटिमीटर उघडला आहे आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने बंद होतो असं धरू. म्हणजे पूर्ण बंद व्हायला ०.८ सेकंद. डोळ्यांना हालचाल दिसून हात मागे घ्यायला सुरुवात व्हायची तर अगदी सावध माणसालाही पाव सेकंद लागतो. पण अडकलेला पार्ट उचकटणारा माणूस मोल्डकडे सावधपणे बघत नसतो. त्याचं लक्ष पार्टकडे असतं, बोटं पार्टच्या मागे गेलेली असतात, खांदा गेटच्या चौकटीला टेकलेला असतो. ‘मी पटकन हात काढतो’ हे वाक्य ज्याने कधी हा हिशेब केला नाही तोच बोलतो. प्रशिक्षणात हा हिशेब फळ्यावर मांडावाच. ‘सावध राहा’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा ०.८ हा एक आकडा जास्त काम करतो.

इथे एक गैरसमज अनुभवी लोकांतही आढळतो. मशीनला कमी दाबाचं मोल्ड प्रोटेक्शन असतं: मोल्ड बंद होताना मध्ये काही आलं तर मशीन थांबतं. काहींना वाटतं, हात आला तरी थांबेल. ही सोय मोल्ड वाचवायला केलेली आहे. तिची सेटिंग कोण, कधी, किती बदलून गेलंय याचा भरवसा नसतो, आणि मोल्ड वाचेल एवढ्या दाबालाही बोट वाचत नाही.

गेट आणि त्यामागचे तीन पहारेकरी

ऑपरेटरच्या बाजूचं सरकतं गेट म्हणजे नुसता पत्रा आणि काच नव्हे. हायड्रॉलिक मशीनवरच्या जुन्या आणि चांगल्या रचनेत गेट उघडलं की मोल्डला तीन वेगवेगळ्या वाटांनी अडवलं जातं. लिमिट स्विच विजेचा सिग्नल तोडतो. तेलाच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह तेल अडवतो, त्यामुळे सिग्नल चुकून गेला तरी सिलिंडर पुढे सरकत नाही. तिसरा ड्रॉप बार: गेट उघडताच एक जाड लोखंडी अडसर खाली पडतो आणि सरकत्या प्लॅटनला (मोल्डचा अर्धा भाग ज्यावर बसवलेला असतो त्या जाड पाटाला) प्रत्यक्ष अंगाने अडवतो. वीज फसली तर तेल, तेल फसलं तर लोखंड. नव्या मशीनवर, विशेषतः सर्वो मशीनवर, तिसऱ्या अडसराऐवजी दुहेरी सर्किट असतं. त्यातलं एक बिघडलं तर दुसरं मशीन थांबवतं आणि बिघाड दुरुस्त होईपर्यंत सायकल सुरू होऊ देत नाही. इंजेक्शन मशीनच्या सुरक्षेसाठी आयएसओ २०४३० हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली आलं, त्यात या गोष्टी तपशिलाने आहेत. कामगाराला मानकाचा क्रमांक पाठ असायची गरज नाही. पण आपल्या मशीनवर तीनपैकी कोणते पहारेकरी आहेत आणि आज ते जागे आहेत का, हे माहीत हवं.

जागे आहेत का हे पाळीच्या सुरुवातीला दोन मिनिटांत कळतं. मोल्ड बंद व्हायला लावायचा, तो चालू असतानाच गेट थोडं सरकवायचं. मोल्ड जागीच थांबला पाहिजे. गेट उघडं ठेवून बंद करायची आज्ञा द्यायची. मोल्ड हलता कामा नये. ड्रॉप बार असेल तर तो प्रत्येक वेळी मोकळेपणाने पडतो ना, ते बघायचं, कारण ग्रीस आणि धुळीने तो चिकटून वर राहिल्याची उदाहरणं असतात. मागचं गेट वेगळं तपासायचं. ही सगळी तपासणी हात बाहेर ठेवून. यातली एकही गोष्ट चुकली तर मशीन चालवायचं नाही. ‘आजची पाळी काढू, उद्या मेंटेनन्सला सांगू’ हे वाक्य पुष्कळ अपघातांच्या आदल्या दिवशी बोललं गेलेलं असतं.

गेट शाबूत असलं तरी हात जायला इतर वाटा असतात. वरून, उंच माणसाला. खालून, जिथून पार्ट कन्व्हेयरवर पडतात. ही खालची वाट मला सगळ्यात दुर्लक्षित वाटते, कारण तिथे ऑपरेटर जात नाही. खाली सांडलेले पार्ट गोळा करणारा हेल्पर किंवा झाडणारा माणूस जातो, आणि त्याला प्रशिक्षणाच्या यादीत कुणी धरलेलंच नसतं. मोठ्या मशीनचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे माणूस अख्खा आत जाऊन उभा राहू शकतो, गेटच्या आत, मोल्डच्या बाजूला. बाहेरून दुसऱ्याने येऊन गेट लावलं तर? म्हणून अशा मशीनवर आत माणूस आहे हे ओळखणारी मॅट किंवा सेन्सर, आतल्या बाजूला इमर्जन्सी बटण आणि गेट आपोआप लागू नये म्हणून खिट्टी असते. एका मशीनवर दोन माणसं काम करत असतील तर मोल्ड चालवायची आज्ञा कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. ‘झालं का?’ ‘झालं!’ एवढ्यावर मोल्ड बंद करायचा नाही. जो आत होता तो डोळ्यांसमोर बाहेर दिसला पाहिजे.

काही मशीनवर गेटऐवजी प्रकाशाचा पडदा असतो. हात मध्ये आला की किरण तुटतो आणि मशीन थांबतं. पण थांबायला वेळ लागतोच, आणि हात सेकंदाला २ मीटर वेगाने जाऊ शकतो असं धरून अंतर काढतात. मशीन थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे जातो. पडदा धोक्यापासून निदान तेवढा लांब हवा, वर थोडी भर घालून. यातली मेख अशी की मशीन जुनं होतं, व्हॉल्व्ह झिजतात, थांबायला ०.२ ऐवजी ०.३ सेकंद लागू लागतात. पडदा मात्र बसवला तिथेच असतो. दिवा हिरवा, पडदा चालू, आणि अंतर अपुरं.

स्विचला टेप कोण लावतं

गेटच्या स्विचवर चिकटवलेली टेप, सेन्सरसमोर बांधलेलं चुंबक, खिळ्याने दाबून ठेवलेला लिव्हर. हे दिसलं की रीत अशी की कामगाराला झापायचं. झापल्याने टेप दोन दिवस निघते.

जर्मनीतल्या अपघात विमा संस्थांच्या संघाने २००६ साली धातुकामाच्या यंत्रांवर याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३७ टक्के संरक्षक साधनं कायमची किंवा अधूनमधून निकामी केली जातात असं दिसलं. ते कारखाने काही बेशिस्तीसाठी प्रसिद्ध नव्हते. अभ्यासाचा रोख असा होता की साधन कामाच्या आड येत असेल तर लोक ते बाजूला सारतात. इंटरलॉकच्या, म्हणजे गेट उघडलं की मशीन थांबवणाऱ्या साधनांच्या, आयएसओ १४११९ या मानकातही हाच विचार आहे: माणसाला साधन निकामी करावंसं का वाटेल, ते कारण आधी शोधा.

मोल्डिंगमध्ये ते कारण बहुतेक वेळा पार्ट चिकटणं हेच असतं. पार्ट दर दहाव्या शॉटला, म्हणजे सायकलला, चिकटत असेल तर माणूस दर दहाव्या शॉटला गेट उघडणार, मशीन थांबणार, पुन्हा सुरू करावं लागणार. तासाभरात त्याला गेट शत्रू वाटायला लागतं. इथे सुरक्षेचा उपाय टेप काढणं हा नाही. पार्ट का चिकटतो ते बघणं हा आहे. मोल्डच्या भिंतींना उतार कमी आहे का, पॅकिंगचा दाब (मोल्ड भरल्यावर माल दाबून धरणारा) जास्त आहे का, थंड व्हायला वेळ कमी दिला आहे का, इजेक्टर पिन वाकली आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का. मोल्ड दुरुस्त करणारा कारागीर अनेकदा सुरक्षा अधिकाऱ्यापेक्षा जास्त बोटं वाचवतो.

आणि तोवर अडकलेला पार्ट काढायची ठरलेली पद्धत हवी. मशीन मॅन्युअलवर घ्यायचं, गेट पूर्ण उघडायचं, मोटर बंद करायची, आणि पार्ट पितळी किंवा लाकडी अवजाराने काढायचा. पितळी अशासाठी की पोलादी स्क्रू-ड्रायव्हरने मोल्डला ओरखडा पडतो, त्या ओरखड्यात पुढचा पार्ट आणखी घट्ट बसतो. अवजार मशीनलाच साखळीने लटकवलेलं असावं. शोधायला जावं लागलं तर हातच वापरला जाणार.

भाजणं आणि त्याहून वाईट

वितळलेलं प्लॅस्टिक आणि उकळतं पाणी यांत फरक आहे. पाणी ओघळून जातं. प्लॅस्टिक कातडीला चिकटतं आणि उष्णता देत राहतं. शिवाय प्लॅस्टिकमधून उष्णता हळू बाहेर पडते, म्हणून पर्जिंगचा, म्हणजे बॅरलमधून बाहेर काढलेल्या मालाचा, गोळा वरून घट्ट, फिका, थंड दिसतो आणि आत बराच वेळ मऊ, जळता असतो. कचरा उचलायला आलेला माणूस तो हाताने उचलतो. गोळे पत्र्याच्या ठरलेल्या ट्रेमध्येच ठेवायचे, ट्रेवर ‘गरम’ असं ठळक लिहायचं.

पर्जिंग म्हणजे बॅरलमधला जुना माल बाहेर काढणं. माल संथ सांडेल असं वाटतं, पण त्यात अडकलेला वायू किंवा ओल असली तर तो फटाफट उडतो. म्हणून नोझलभोवतीचा, म्हणजे बॅरलच्या टोकाच्या तोंडाभोवतीचा, गार्ड लावूनच पर्ज करायचं, वेग आणि दाब कमी ठेवायचा, तोंडावर पूर्ण फेस शील्ड, पूर्ण बाह्या, उष्णतेचे हातमोजे. नुसता चष्मा पुरत नाही. आणि हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या फनेलमध्ये, डोकावून ‘माल उतरतोय का’ बघायचं नाही, कारण दाब मागच्या बाजूनेही सुटू शकतो.

याहून धोकादायक म्हणजे गोठलेलं नोझल. मशीन रात्रभर बंद होतं, सकाळी हीटर लावले. बॅरलचा मधला भाग लवकर तापला, नोझलमध्ये माल अजून घट्ट. मागे माल वितळून वायू धरू लागतो आणि पुढे बूच बसलेलं आहे. ते बूच सुटतं तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. म्हणून वायू सोडणाऱ्या मालाच्या बाबतीत आधी नोझलकडचा भाग तापवतात, मग मागचा; आणि तापत असताना नोझलच्या समोर कुणी उभं राहत नाही. तापमान मोजणारा थर्मोकपल आपल्या जागेवरून सैल होऊन बाहेर आला असेल तर आणखी गंमत होते, म्हणजे गंमत नव्हेच. तो बाहेरची थंड हवा मोजतो, कंट्रोलरला वाटतं बॅरल थंड आहे, हीटर चालूच राहतो, आणि पडद्यावर आकडा अगदी सभ्य दिसतो. माल पिवळा पडला, जळका वास आला, धूर दिसला की आकड्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवायचा.

मालांच्या बाबतीत एक जोडी प्रत्येकाच्या तोंडी असायला हवी: अ‍ॅसिटल, ज्याला पीओएम म्हणतात, आणि पीव्हीसी. हे दोन्ही एकाच तापल्या बॅरलमध्ये एकत्र येऊ द्यायचे नाहीत. पीव्हीसी तापून विघटित झाला की हायड्रोजन क्लोराइड सोडतो, आणि आम्ल लागलं की अ‍ॅसिटल झपाट्याने तुटून फॉर्माल्डिहाइड वायू होतो. बंद बॅरलमध्ये याचा अर्थ दाब, बाहेर याचा अर्थ डोळे-घसा जाळणारी हवा. एका मालावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पॉलिइथिलीनसारखा तटस्थ माल घालून बॅरल पूर्ण धुऊन काढावा लागतो. पिशव्यांवरची लेबलं फाटली, अर्ध्या पिशव्या एकत्र ओतल्या, की या नियमाला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे हा प्रश्न जितका मशीनचा तितकाच गोदामाचा.

भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं, कारण दोन मिनिटांत बरं वाटायला लागतं आणि माणूस हात बाहेर काढतो. कातडीला चिकटलेलं प्लॅस्टिक ओढून काढायचं नाही, सोबत कातडी येते. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. बर्फ नाही, मलम नाही, टूथपेस्ट नाही. मग डॉक्टर.

तेलाच्या नळीतून बारीक गळती दिसली तर बोटाने चाचपायचं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेर एक लालसर ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडू लागतो. अशी शंका आली तरी लगेच रुग्णालय, आणि तिथे ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा धरून.

लाल बटण म्हणजे कुलूप नव्हे

पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल, मशरूमच्या टोपीसारखं इमर्जन्सी बटण सगळ्यांना ठाऊक असतं. ते दाबून आत जाणारे लोकही सगळीकडे असतात. ते बटण गडबड चालू असताना मशीन थांबवायला आहे. आत शिरून काम करायला नाही. ते कुणीही फिरवून सोडू शकतं, आणि ते दाबल्याने वीज तुटलेली असतेच असं नाही. हीटर चालू असतात, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये तेलाचा दाब साठलेला असतो, नळ्यांत हवा असते, उभ्या मशीनचा वरचा प्लॅटन स्वतःच्या वजनाने खाली यायला टपलेला असतो.

मोल्ड बदलणं, स्क्रू काढणं, आत शिरून सफाई, अशा कामांना कुलूप लागतं. पद्धत सोपी आहे, पाळणं कंटाळवाणं आहे. आसपासच्यांना सांगायचं, मशीन रीतसर बंद करायचं, मुख्य स्विच उतरवायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. चावी स्वतःच्या खिशात. कुलपाला नावाची पट्टी. तीन माणसं काम करत असतील तर तीन कुलपं. त्यासाठी अनेक छिद्रांची कडी मिळते. मग साठलेला जोर सोडायचा: तेलाचा दाब, हवा, स्प्रिंग, उंचावर असलेल्या भागाखाली आधार. आणि शेवटी, जे बहुतेक जण गाळतात ते, चालू बटण दाबून बघायचं. मशीन चालू झालं नाही पाहिजे. कधीकधी होतं, कारण चुकीच्या मशीनचा स्विच उतरवलेला असतो.

दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. पाळी संपून माणूस कुलूप लावून घरी गेला तर त्याला बोलावून घ्यायचं. संपर्क होतच नसेल तर तो आत नाही याची खात्री करून, ठरलेल्या वरिष्ठाने, लेखी नोंद करून काढायचं, आणि तो परत आल्यावर मशीनला हात लावण्याआधी त्याला ते सांगायचं.

ग्राइंडर, कोपऱ्यातला

खराब पार्ट आणि रनर पुन्हा वापरायला दळणारा ग्राइंडर कारखान्याच्या कोपऱ्यात असतो, आणि नव्या माणसाला बऱ्याचदा आधी तिथेच उभं करतात, कारण काम सोपं दिसतं. माझ्या मते हा उलटा न्याय आहे.

आत जड रोटर असतो, त्यावर पाती. वीज बंद केली तरी रोटर आपल्या वजनाच्या झोकात फिरत राहतो. काही मशीनवर काही सेकंद, मोठ्यांवर बराच वेळ. आवाज कमी होतो, माणसाला वाटतं थांबला, झाकण उघडतो. म्हणून चांगल्या ग्राइंडरचं झाकण रोटर पूर्ण थांबेपर्यंत उघडतच नाही. ज्याला ही सोय नाही, तिथे वेळ मोजून थांबायचं. किती वेळ ते आधी मोजून मशीनवर रंगवलेलं असावं.

थांबलेला रोटरही निरुपद्रवी नसतो. एखादा तुकडा पात्यात अडकून रोटर तिरका थांबला आणि तुम्ही तो तुकडा काढला, की रोटर स्वतःच्या वजनाने झोका घेतो. पाती धारदारच असतात. म्हणून कुलूप लावून, झाकण उघडून, आधी रोटरला लाकडी पाचर ठोकायची किंवा त्याची लॉक पिन बसवायची, मग पकडीने तुकडा काढायचा. पाती बदलताना रोटर हाताने फिरवावा लागतो, तेव्हा एकच माणूस फिरवेल. एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने पात्याजवळ हात ठेवायचा हे करायचं नाही.

हॉपरचं तोंड लांब आणि वाकडं असतं ते हात पात्यापर्यंत पोचू नये म्हणून. आतली रबरी पट्टी तुकडे उलटे उडू नयेत म्हणून. मोठे पार्ट जात नाहीत म्हणून ती पट्टी कापून टाकलेली दिसली, तर पार्ट आधी करवतीने लहान करायची सोय नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा. शिवाय आवाज. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १. ग्राइंडर यापुढे सहज जातात. कान हळूहळू जातात, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप किंवा पत्रा सलग काढणाऱ्या मशीनच्या, लाइनवर धोका रोलरांच्या फटीत असतो: दोन रोलर आत फिरतात तिथे बाही, केस, हातमोजा काहीही ओढलं जातं. उष्णतेसाठी घातलेले सैल हातमोजे तिथे उलट घातक, हे वेगळं सांगावं लागतं, कारण ‘हातमोजे घाला’ ही पाटी सगळीकडे सारखीच लावलेली असते. ब्लो मोल्डिंगवर, म्हणजे मऊ नळी फुगवून बाटल्या करणाऱ्या मशीनवर, मोल्डसोबत नळी कापणारी सुरी असते. आणि हॉपरच्या तळाशी माल गच्च बसून कमान धरतो तेव्हा स्क्रू फिरत असताना सळई घालून टोचायचं नाही. स्क्रू सळई धरतो आणि सळईमागे हात येतो.

मग शिकवायचं कसं

यंत्रसुरक्षेच्या आयएसओ १२१०० या मूळ मानकात क्रम दिलेला आहे. आधी धोकाच राहणार नाही अशी रचना, मग गार्ड आणि इंटरलॉक, आणि त्यानंतर जो उरेल त्याची माहिती देणं. प्रशिक्षण या ‘त्यानंतर’मध्ये मोडतं. तुटलेल्या गेटची भरपाई प्रशिक्षणाने होत नाही, आणि जिथे गेट दुरुस्त न करता सुरक्षा सप्ताह साजरा होतो तिथे कामगारांना हे न सांगताच कळलेलं असतं.

नव्यांची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. कॅनडात टोरोंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने केलेल्या अभ्यासांत, कामाच्या पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागेल अशा दुखापतीचा धोका वर्षापेक्षा जास्त अनुभव असलेल्यांच्या तिप्पटीहून अधिक दिसला. यात वयाने लहान आणि मोठे दोघेही आले. नवं असणं हाच मुद्दा. दुसऱ्या मशीनवर बदली झालेला दहा वर्षांचा ऑपरेटरही त्या मशीनपुरता नवाच धरावा.

खोलीत बसवून तासभर बोलून सही घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, कागद आहे. मशीनजवळ न्यायचं, मशीन थांबवायचं आणि पार्ट मुद्दाम अडकवून ठेवायचा. आता काढ, असं म्हणायचं. तो काय करतो ते बघायचं, मध्ये बोलायचं नाही. हात कुठे जातो, मोटर बंद करायचं आठवतं का, अवजार शोधतो की बोटं वापरतो, हे पाच मिनिटांत कळतं. मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करताना त्याने तोंडाने सांगायचं: आता मी हे करतोय, कारण हे. ‘कारण’ ज्याला सांगता येत नाही त्याला पद्धत फक्त पाठ आहे, आणि पाठ केलेलं घाईत विसरतं.

असाच सराव आणखी तीन-चार प्रसंगांचा घ्यावा. ग्राइंडर अडकला. हॉपरमध्ये माल बसला. गेट उघडलं आणि मोल्ड थांबला नाही. जळका वास आला. प्रत्येकाला दोन प्रश्न: तू काय करशील, आणि काय केल्यावर तू थांबून सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) बोलावशील? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं, कारण ऑपरेटर, सेटर आणि मेंटेनन्स यांच्या कामाच्या सीमा तिथे ठरतात. आणि ते ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत व्हायला हवं. लेखी परीक्षेपेक्षा तोंडी बरी, न वाचता येणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

हे सगळं शिकलेला माणूस रात्रपाळीत मशीन थांबवतो, सेटरला बोलावतो, आणि सेटर दुसऱ्या लाइनवर अडकलाय म्हणून अर्धा तास मशीन उभं राहतं. सकाळी उत्पादनाच्या तक्त्यात तो अर्धा तास दिसतो. त्या तक्त्यात ‘का थांबलं’ असा एक रकाना असेल, त्यात ‘पार्ट अडकला, सेटरची वाट पाहिली’ असं लिहिलेलं असेल, आणि सुपरवायझरने ते वाचून मोल्ड दुरुस्तीला पाठवला असेल, तर पुढच्या रात्री तो माणूस पुन्हा मशीन थांबवेल.